पुण्यातले मीटअप, स्टार्टअपच्या बातम्या आणि टेक कॉन्फरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सॉफ्टवेअर लिहिते आणि महिन्यातले एक-दोन शनिवार मीटअपना देते. त्यामुळे ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे मेसेज येत राहतात: जाऊ का, पैसे भरू का, माझी आयडिया कोणी चोरेल का? प्रत्येकाला घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं आहे. प्रश्न आले तशा भाषेत ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टार्टअप नाही, आयडियाही नाही. मीटअपला गेलो तर चालेल का?

चालेल. पुण्यातले बहुतेक मीटअप सगळ्यांना खुले असतात. नाव नोंदवायचं आणि वेळेवर पोचायचं. खोलीत फाउंडर थोडे आणि नोकरी करणारे, शिकणारे जास्त असतात. मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकलंत तरी कोणी हरकत घेत नाही.

मात्र एकदाच जाऊन मत बनवू नका. पहिल्या खेपेला अर्धे शब्द डोक्यावरून जातात, ओळखीचं कोणी नसतं, आणि परतताना वाटतं की ही आपली जागा नाही. तिसऱ्या खेपेला कोणीतरी नावाने हाक मारतं. माझंही असंच झालं होतं.

२. मीटअप, कॉन्फरन्स, हॅकेथॉन, डेमो डे यांत फरक काय?

मीटअप म्हणजे संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी दोन-तीन तासांची भेट. एक-दोन टॉक, मग चहा. बहुधा फुकट. कॉन्फरन्स एक ते तीन दिवसांची, तिकिटाची, आणि वक्ते काही महिने आधी निवडलेले. हॅकेथॉनमध्ये टीम करून ठरावीक तासांत काहीतरी बनवून दाखवायचं असतं. डेमो डेला स्टार्टअप गुंतवणूकदारांसमोर आपलं काम मांडतात, तिथे प्रेक्षक बहुधा निमंत्रणानेच येतात. नवख्याने सुरुवात मीटअपनेच करावी.

३. हे सगळं भरतं कुठे? हिंजवडीलाच जावं लागतं का?

हिंजवडीत कंपन्या पुष्कळ आहेत, पण सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं वाकडचा पूल ओलांडून तिकडे जायला नाखूश असतात. म्हणून मीटअप जास्त करून शहरात आणि पूर्वेकडे भरतात: सेनापती बापट रस्ता, मॉडेल कॉलनी, बाणेर-बालेवाडी, विमाननगर, खराडी, मगरपट्टा.

यामागे इतिहास आहे. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथे सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथूनच परम ८००० हा महासंगणक आला. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. या दोन्हींतून तयार झालेली माणसं शहरभर पसरली. २००८ मध्ये पुणे ओपन कॉफी क्लब हा स्टार्टअपवाल्यांचा गट सुरू झाला, त्याच वर्षी पुण्यातल्या तंत्रज्ञानाची माहिती देणारं पुणेटेक हे संकेतस्थळही. सेनापती बापट रस्त्यावरचं पर्सिस्टंटचं सभागृह आणि मॉडेल कॉलनीतली सिंबायोसिसची संगणक संस्था या दोन जागांवर त्या काळातल्या कितीतरी भेटी झाल्या. जागा फुकट मिळत होती, म्हणून माणसं जमत होती. आजही एखादा मीटअप टिकतो की बंद पडतो, ते बऱ्याच वेळा जागेवरच ठरतं.

विषय विज्ञानाचा असेल, म्हणजे जैवतंत्रज्ञान, रसायन, वैद्यकीय उपकरणं, तर पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना मदत करणारं केंद्र गाठा. ते २००७ पासून आहे. सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत तसंच काम करणारी भाऊ इन्स्टिट्यूट आहे. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम सेनापती बापट रस्त्यावर होतात, आणि तिथे कारखानदार भेटतात. कारखान्यांना विकायचं सॉफ्टवेअर बनवत असाल तर प्रोग्रामरांच्या दहा भेटींपेक्षा तिथली एक जास्त कामाची.

मेट्रोमुळे पूर्व-पश्चिम जाणं बरंच सोपं झालं आहे. वनाज ते रामवाडी या मार्गाने कोथरूडची मुलगी विमाननगरच्या मीटअपला रिक्षाचे तीनशे रुपये न घालवता पोचते.

४. पुण्यातल्या स्टार्टअपच्या फंडिंगच्या बातम्या वाचते, पण त्या किती खऱ्या मानायच्या?

'अमुक कंपनीने इतके कोटी उभारले' ही ओळ वाचताना मी काही प्रश्न विचारते. हे पैसे शेअरचे की कर्जाचे? मोठ्या आकड्यात कधीकधी दोन्ही मिसळलेलं असतं, आणि कर्ज फेडावं लागतं. पैसे कंपनीकडे आले, की जुन्या गुंतवणूकदाराने आपले शेअर नव्याला विकले? विकले असतील तर कंपनीच्या हाती नवा रुपयाही लागत नाही. रक्कम एकदम मिळाली, की ठरलेली कामं पुरी झाल्यावर टप्प्याटप्प्याने मिळणार आहे? आणि बातमी कोणा पत्रकाराने चौकशी करून लिहिली आहे, की कंपनीच्या पत्रकातून तशीच उतरवली आहे?

खातरजमा करता येते, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. खासगी कंपनीने गुंतवणूकदाराला शेअर दिले की पंधरा दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हा फॉर्म भरावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की कोणालाही त्या कंपनीची कागदपत्रं पाहता येतात. किती शेअर, कोणाला, कोणत्या भावाने दिले ते त्या फॉर्ममध्ये असतं. वार्षिक ताळेबंदही तिथेच मिळतो.

ओळखीतल्या एका मुलीला अशाच मोठ्या आकड्याची बातमी दाखवून नोकरीची ऑफर दिली होती. आम्ही दोघींनी बसून कागद काढले. बातमीतल्या रकमेचा थोडाच भाग तोवर कंपनीकडे आला होता. तिने नोकरी घेतली, पण पगार ठरवताना शेअरचा वाटा कमी करून रोख रक्कम वाढवून मागितली. तेव्हापासून मी ऑफर हातात असलेल्या प्रत्येकाला ते शंभर रुपये खर्च करायला सांगते.

शेअर बाजारात आलेल्या कंपनीबद्दल तर आणखी वाचायला मिळतं. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फर्स्टक्रायची मूळ कंपनी ब्रेनबीज सोल्युशन्स ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. अशा वेळी सेबीकडे जे माहितीपत्रक द्यावं लागतं त्यात तोटा, खटले असं सगळं असतं. त्यातलं 'जोखमीचे घटक' हे प्रकरण आधी वाचा. धंदा आतून कसा असतो हे मला त्या प्रकरणांतून जितकं कळलं, तितकं कुठल्या व्याख्यानातून कळलं नाही.

५. ड्रुवा, आयसर्टिस, पबमॅटिक या पुण्याच्या कंपन्या म्हणायच्या की अमेरिकेच्या?

कोणत्या अर्थाने विचारता त्यावर आहे. ड्रुवा २००८ मध्ये पुण्यात सुरू झाली, मुख्यालय आता कॅलिफोर्नियात आहे. आयसर्टिसचं मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूत, पण कामाचा मोठा भाग पुण्यात चालतो. पबमॅटिक २००६ ची. तिचीही मोठी टीम पुण्यात आहे आणि डिसेंबर २०२० मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारात आली. अमेरिकी गुंतवणूकदार आणि अमेरिकी ग्राहक असले की मूळ कंपनी तिकडे नोंदवणं सोयीचं पडतं.

नोकरी करणाऱ्याला याचा एक थेट परिणाम माहीत हवा. ऑफरमधले शेअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे असतील तर ते परकीय मालमत्ता धरले जातात आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वेगळे दाखवावे लागतात. शिवाय अशा मूळ कंपनीचे कागद प्रश्न ४ मधल्या पोर्टलवर सापडत नाहीत. तिथे फक्त भारतातल्या उपकंपनीचे असतात.

६. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीत प्रश्न विचारायला लाज वाटते. मराठीत बोललं तर चालतं का?

चहाच्या वेळी निःसंकोच मराठीत बोला, निम्मी खोली तशीच बोलत असते. टॉकनंतर सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा असेल तर मोडक्या इंग्रजीत विचारा, किंवा सरळ म्हणा, "मी मराठीत विचारू का?" वक्त्याला मराठी येत नसेल तर शेजारचं कोणीतरी भाषांतर करतं. मी अनेकदा केलं आहे आणि मला ते काम आवडतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लातूर, सोलापूर, अहिल्यानगरहून आलेल्या मुलांकडून येतो, आणि त्यांच्यातली कित्येक मुलं कोड फार नेटका लिहितात. अँटीव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलचे कैलाश काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, तेव्हा त्यांना इंग्रजी व्याख्यान देता येतं का असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांची कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याच्या जगात तर मराठी येणं हीच पात्रता आहे: लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक (फॉन्ट) रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या टीमने वर्षानुवर्षं सांभाळले, आणि त्या कामाला जोडाक्षरं कळणारी माणसंच लागत होती.

एक युक्ती सांगते. टॉकचा विषय आधीच जाहीर होतो. आदल्या रात्री त्यावर अर्धा तास वाचा आणि एक प्रश्न वहीत लिहून न्या. उभं राहून तो वाचून दाखवला तरी चालतो.

७. फुकट होतं म्हणून नाव नोंदवलं आणि गेलो नाही. काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. खाणं नोंदणीच्या आकड्यावर मागवलेलं असतं, आणि सत्तरपैकी पंचवीस आले की उरलेले समोसे बघून जागा देणारी कंपनी पुढच्या वेळी विचार करते. शिवाय तुमच्यामुळे प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी नाही म्हटलेलं असतं. जमणार नसेल तर आदल्या दिवशी नोंदणी रद्द करा, मिनिटभराचं काम आहे.

येणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. कंपनीच्या इमारतीत गेटवर नाव यादीशी ताडून पाहतात, आणि लॅपटॉप नेला तर त्याचा क्रमांक रजिस्टरमध्ये लिहून घेतात. बाहेर पडताना तोच क्रमांक तपासतात. यात पंधरा मिनिटं सहज जातात. नोंदणीत 'बंड्या' आणि आधारवर 'विश्वनाथ' असेल तर सिक्युरिटीवाले सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

८. वर्षातले कोणते दिवस टाळावेत?

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात तो दिवस आणि मुक्काम हलतो तो दिवस. शिवाजीनगर, फर्ग्युसन रस्ता, नाना पेठ, भवानी पेठ, हडपसर या भागातले रस्ते तासन्‌तास बंद असतात. गणपतीचे दहा दिवस, त्यातही शेवटचे पाच, संध्याकाळी मध्य पुण्यात काही ठेवू नये. विसर्जनाच्या दिवशी तर कुठेच नाही. बाहेरगावचे आयोजक तारखा ठरवताना हे विसरतात, मग हॉल रिकामा राहतो.

कॉलेजच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असतात. विद्यार्थी यायला हवे असतील तर तेही बघा.

९. कॉन्फरन्सचं तिकीट पाच-सहा हजार आहे. पैसे वसूल होतील का?

फक्त व्याख्यानं ऐकायची असतील तर होणार नाहीत. बहुतेक चांगल्या कॉन्फरन्सची चित्रफीत काही आठवड्यांत यूट्यूबवर फुकट मिळते. तुम्ही भरता ते पैसे दोन व्याख्यानांच्या मधल्या वेळेचे असतात. ज्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) तुमचं रोजचं काम अवलंबून आहे ती लिहिणारी व्यक्ती जेवणाच्या रांगेत तुमच्या मागे उभी असते, त्याचे. म्हणून तिकीट काढण्याआधी तीन माणसांची नावं लिहा ज्यांना तुम्हाला भेटायचं आहे आणि काय विचारायचं आहे. तीन नावं सुचत नसतील तर यंदा थांबा, आणि वर्षभर इथल्या मीटअपना जा.

पैसे कमी करायचे रस्ते आहेत. सुरुवातीच्या सवलतीचं तिकीट काढा. विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. स्वयंसेवक झालात तर बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट, मात्र काही टॉक चुकतात. वक्ता म्हणून निवड झाली तरी तिकीट लागत नाही (प्रश्न १०).

मोठं काही पाहायला बाहेरच जावं लागतं असंही नाही. पायथन भाषेची २०११ ची पायकॉन इंडिया विमाननगरला झाली होती, त्याच वर्षी फेडोरा या लिनक्स प्रणालीची फुडकॉन सीओईपीत, रुबी भाषेची २०१२ ची रुबीकॉन्फ इंडियाही पुण्यात. २०१५ मध्ये फुडकॉन पुन्हा इथे आली. फिरत्या कॉन्फरन्स शहराच्या स्वयंसेवकांच्या बळावर येतात. इथले मीटअप चालू राहिले तर त्या परत येतील, असं मला मनापासून वाटतं.

१०. टॉकचा प्रस्ताव पाठवायचा आहे. दोनदा नाकारला गेला. काय चुकत असेल?

मी काही वर्षं प्रस्ताव निवडायला बसले आहे, त्यावरून सांगते. सगळ्यात जास्त नाकारला जाणारा प्रस्ताव म्हणजे 'अमुक तंत्रज्ञानाची ओळख'. ती ओळख अधिकृत दस्तऐवजात आधीच चांगली लिहिलेली असते. त्याउलट 'आमच्या दुकानाच्या बिलिंगमध्ये महिनाअखेरीला सर्व्हर का पडत होता आणि आम्ही तो कसा शोधला' हे तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

प्रस्तावात पहिल्या दोन ओळींत अडचण सांगा. मग काय करून पाहिलं, काय फसलं, शेवटी काय चाललं. ऐकणाऱ्याला आधी काय येत असायला हवं ते लिहा. वेळेची ढोबळ वाटणी द्या. निवड करणाऱ्यांपुढे शंभर प्रस्ताव असतात आणि ते रात्री घरची कामं आटोपून वाचतात, म्हणून लांबवू नका. कंपनीचं उत्पादन विकण्याचा वास आला की प्रस्ताव बाजूला पडतो.

पाठवण्याआधी तोच टॉक इथल्या मीटअपला द्या. मीटअपला वक्ते कायम हवेच असतात. वीस लोकांसमोर बोललात की कुठे लोक मोबाइलकडे बघायला लागतात ते कळतं, आणि त्या टॉकची चित्रफीत प्रस्तावासोबत जोडता येते. पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकपासून सुरुवात केली तर आणखी उत्तम.

११. मुलगी एकटी जाणार आहे, घरचे काळजी करतात. काय बघावं?

कार्यक्रमाची आचारसंहिता जाहीर आहे का आणि तिच्यात तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि फोन आहे का, ते बघा. नुसती आचारसंहिता असून भागत नाही. संपण्याची वेळ किती आणि तिथून परतायची सोय काय, हे आयोजकांना आधी विचारा. विचारण्यात संकोच नको, मी आयोजक असताना असे फोन आले की मला बरं वाटतं. कार्यक्रमानंतरची पार्टी वेगळ्या ठिकाणी असेल तर तिथे जाणं बंधनकारक नसतं.

पायलेडीजसारखे (पायथन वापरणाऱ्या मुलींचे) गट आहेत, तिथून सोबत मिळते. विमेन हू कोड ही प्रोग्रामर स्त्रियांची जगभर पसरलेली संस्था २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा त्या नावाचं जुनं पान सापडलं तर ते चालू धरू नका.

१२. तिथे गुंतवणूकदार भेटतात का? ओळख कशी काढायची?

मीटअपला क्वचित, कॉन्फरन्सला थोडे. पण ओळख काढण्याच्या घाईत जे शेजारी बसलेत त्यांना विसरू नका. मला आजवर मिळालेली दोन मोठी कामं अशा शेजाऱ्यांकडून आली, तेही ओळख झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी. "तुम्ही काय करता?" यापेक्षा "सध्या कशात अडकला आहात?" असं विचारून पाहा. दुसऱ्या दिवशी एक मेसेज करा, त्यात आदल्या दिवशीच्या बोलण्यातली एखादी गोष्ट हवी.

१३. माझी आयडिया स्टेजवर सांगितली तर चोरतील ना? गुप्ततेचा करार करून घेऊ का?

श्रोत्यांकडून करार करून घेता येत नाही, आणि गुंतवणूकदार पहिल्या भेटीत तो करत नाहीत. नुसती कल्पना चोरून कोणी धंदा उभा केल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण एक अपवाद गंभीर आहे. तुमच्या कामात पेटंट घेण्यासारखं काही असेल तर अर्ज करण्याआधी ते जाहीर व्यासपीठावर सांगू नका. सांगितलंत तर ते 'नवीन' राहत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती, आणि बारा महिन्यांची. शनिवारचा मीटअप त्यात धरून चालू नका. सोपा मार्ग म्हणजे आधी तात्पुरता अर्ज भरून टाका, मग बोला. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. निव्वळ सॉफ्टवेअरला, म्हणजे नुसत्या प्रोग्रामला, कलम ३(के) मुळे पेटंट मिळत नाही, त्यामुळे बहुतेक ॲपवाल्यांना ही चिंताच नाही. यंत्र, संवेदक, रसायन असेल तर व्हेंचर सेंटरमध्ये जाऊन विचारा.

१४. हॅकेथॉनमध्ये बनवलेल्या कोडवर हक्क कोणाचा?

नियमावलीत काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाचा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्या करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश नसेल तर भारत. नोंदणीच्या अर्जावरची बारीक अक्षरातली ओळ हाही लेखी करार ठरू शकतो. 'सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे' असं दिसलं तर आपलं चालू असलेलं काम तिथे नेऊ नका, त्यासाठी वेगळंच काही बनवा.

नोकरीत असाल तर प्रश्न १६ सुद्धा वाचा.

१५. 'तुमच्या स्टार्टअपची पुरस्कारासाठी निवड झाली आहे' असा मेल आला. नोंदणी शुल्क चाळीस हजार. भरू का?

नका भरू. मीही अशा एका ठिकाणी सुरुवातीच्या काळात पैसे घातले. ट्रॉफी मिळाली, हॉलमध्ये सगळेच पुरस्कारविजेते होते आणि ग्राहक एकही नव्हता. ते पैसे टीममधल्या दोघांच्या लॅपटॉपसाठी ठेवलेले होते, म्हणून जास्त लागलं. बोलायला किंवा पिच करायला जो तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याला नाही म्हणा. स्टॉलचं भाडं ही वेगळी गोष्ट, तो उघड व्यवहार आहे.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाचं. तिथे निवड झालेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यांकडून काम मिळण्याची तरतूद आहे. बक्षिसाच्या रकमेपेक्षा पहिला ग्राहक मिळतो हे मोलाचं. अशा योजनांत बहुधा केंद्राच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता मागतात. ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशांना मिळते, एकल मालकीच्या धंद्याला नाही.

१६. नोकरीत असताना मीटअपमध्ये बोललं तर कंपनी आक्षेप घेईल का?

घेऊ शकते. व्यवस्थापकाला लेखी विचारा आणि स्लाइड दाखवून घ्या. ग्राहकांची नावं, आकडे, आतल्या प्रणालीची चित्रं काढून टाका. शनिवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं कामही काही करारांत कंपनीचं धरलं जातं. तुमच्या नेमणूकपत्रातलं ते कलम एकदा शांतपणे वाचा.

१७. आमची कंपनी पुण्यात नोंदलेली. बेंगळुरूच्या कॉन्फरन्सचं बिल कंपनीच्या नावाने घेतलं, तरी जीएसटीचा परतावा मिळत नाही म्हणतात. का?

हॉटेलचं आधी सांगते, कारण तिथे शंका नाही. राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे ते. त्यामुळे बिलावर केंद्राचा आणि कर्नाटकाचा जीएसटी लागतो, आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करता येत नाही. शैक्षणिक, वैज्ञानिक अशा कार्यक्रमाच्या प्रवेशालाही आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) कायद्याचं कलम १२(६) तोच नियम लावतं: कार्यक्रम जिथे, सेवा तिथली. काही आयोजक तरीही आयजीएसटी लावून बिल देतात. असं बिल तुमच्या सीएला दाखवूनच क्रेडिट घ्या. कॉन्फरन्स मुंबईत किंवा पुण्यात असेल तर राज्याची ही अडचण नाही, फक्त तिकीट काढतानाच जीएसटी क्रमांक भरा. नंतर बिल बदलून मिळणं कठीण जातं.

१८. मुंबई, बेंगळुरू आणि परदेश: जाण्याचं नियोजन कसं करावं?

मुंबईला एका दिवसात जाऊन या. डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते आणि संध्याकाळी ५.१० ला मुंबईहून परत निघते. शेवटचं सत्र बुडतं, पण राहायचा खर्च वाचतो. बेंगळुरूला रात्रीची बस स्वस्त पडते, तरी पोचल्याच्या दिवशी टॉक द्यायचा असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

युरोपसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रुसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्सला प्रवेश फुकट आहे आणि नोंदणीच नसते. ऐकायला छान, पण अर्जासोबत जोडायला तिकीट हाती नसतं. म्हणून तिथे जाणाऱ्यांनी आधी बोलण्याचा प्रस्ताव द्यावा आणि निवड झाली की आयोजकांकडे पत्र मागावं. अमेरिकेतली पायकॉन प्रवासासाठी आर्थिक मदत देते. अर्ज मोठा नसतो, आणि 'आपल्याला कोण देणार' असं म्हणून तो न भरणारे मी फार पाहिले.

१९. आमच्या भागात मीटअपच नाही. मीच सुरू करू का?

करा. आठ माणसं पुरतात. तारीख पक्की ठेवा, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. तारीख महिन्यागणिक हलली की माणसं गळतात. जागेसाठी जवळच्या कॉलेजच्या संगणक विभागप्रमुखांना भेटा. मुलांना बाहेरचे लोक ऐकायला मिळतात म्हणून ते बहुधा हो म्हणतात. स्पॉन्सर पहिले सहा महिने शोधूच नका, चहा वर्गणीतून होतो. पहिले तीन वक्ते आधीच ठरवून ठेवा, त्यातले एक तुम्ही स्वतः.

प्रोजेक्टरची वायर स्वतःची न्या. येणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी गेटवर छापून द्या. आलेल्या नव्या माणसाशी तुम्ही स्वतः दोन मिनिटं बोला आणि त्याची कोणा एकाशी गाठ घालून द्या. सुरुवातीला पाच जण येतील, एखाद्या पावसाळी शनिवारी दोनच. त्या दोघांसाठीही टॉक पूर्ण करा.

तारीख ठरली की मला कळवा, मी येईन.